दारच्या राखणदाराची प्रकृती



एखाद्याचा अंत बेवारशासारखा, हालाहालात झाला, की आपल्याकडे म्हणतात, "बिचारा कुत्र्याच्या मौतीने मेला." हे शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत, की त्यांच्या अर्थाकडे कुणाचे लक्ष जात नाही. कुत्र्याचे मरण म्हणजे हालाचेच असायचे, हे आपण धरूनच चाललो आहोत. बैलाने वैरण सोडली तर घरात कुणाला घास गोड लागत नाही. म्हैस दुधाला कमी आली, तर धनी त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरतो. पण कुत्रा दोन दिवस ओसरीच्या कोपऱ्यात पडून राहिला तर आपण म्हणतो, "ऊन लागलं असेल, उठेल आपोआप." आणि तिसऱ्या दिवशी तो उठत नाही.

रात्रभर खळ्याची, गोठ्याची, वस्तीवरच्या लेकराबाळांची राखण करणारा हा प्राणी. त्याला बोलता येत नाही आणि दुखणे तो शक्यतो लपवतो. पण कुत्री ज्या दुखण्यांनी हकनाक मरतात, ती दुखणी फार नाहीत. ओळखायला ती अवघड नाहीत, आणि त्यांतली बरीचशी मालकाच्या हाताने, वेळेवर टळणारी आहेत. शिवाय त्यांतली काही उंबरठा ओलांडून घरात येतात आणि मुलांपर्यंत पोचतात. म्हणून कुत्र्याची काळजी ही हौशी माणसांची बाब आहे, असे कुणी समजू नये.

सुरुवात औषधाने नको, हाताने करू. दिवसातून एकदा, भाकरी टाकण्यापूर्वी, पाच मिनिटे कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवावा. कान उलटून आत पाहावे. पायाची बोटे फाकवून मधली जागा पाहावी. गळ्यातला पट्टा सैल करून त्याखालची कातडी पाहावी. लहानपणी बांधलेली दोरी कुत्रा वाढला तरी तशीच राहते, आणि मासांत रुतून जखम होते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. मग ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. काहींच्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आत पाहावे. हिरडीवर बोट दाबून उचलले, की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. ती फिकट पांढरी किंवा पिवळी दिसली तर समजावे, की आत काहीतरी मोठे बिघडले आहे.

आणखी एक. नाक ओले म्हणजे कुत्रा बरा आणि नाक कोरडे म्हणजे आजारी, हा समज काही खरा नाही. अंगाला हात लावूनही ताप कळत नाही. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट ही त्याची नेहमीची उष्णता. खरी खूण म्हणजे त्याची रोजची रीत मोडणे. रोज धावत येणारा आज आला नाही, खाणे सोडले, अंधारात जाऊन बसला, की लक्ष घालावे.

आता एकेक दुखणे घेऊ.

पहिला शत्रू गोचीड. गोचीड कुत्र्याचे रक्त पिते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण तिच्या लाळेबरोबर बारीक जंतू रक्तात जातात, आणि त्यातून गोचीडताप येतो. कुत्रा मलूल होतो, ताप चढतो, हिरड्या फिकट पडतात. कधी लघवी काळ्या चहासारखी होते, कधी नाकातून रक्त येते. या तापावर औषधे आहेत, आणि वेळेवर मिळाली तर कुत्रा बरा होतो. दहा दिवस वाट पाहिली तर अंगात रक्तच उरत नाही.

गोचीड काढताना ती चिमट्याने, कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढावी. बोटांत चिरडू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून मारावी. मात्र अंगावरच्या गोचिडी काढून काम संपत नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा फरशीच्या सांध्यात शिरते, आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. तिची पिलावळ कित्येक महिने उपाशी राहून वाट पाहू शकते. म्हणून कुत्रा बसतो ती जागा झाडून घ्यावी, भेगा लिंपाव्यात, त्याचे पोते उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकावे. हे पंधरा-पंधरा दिवसांनी करीत राहावे.

इथे एक कळकळीची सूचना. गोचीड, पिसवा किंवा खरूज झाली, की कुणी रॉकेल चोळतो, कुणी ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासतो, तर कुणी कपाशीवर मारायचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालतो. कुत्रा अंग चाटतो हे विसरू नका. जे कातडीवर लावाल ते त्याच्या पोटात जाते. खरुजेचे किडे मेले तरी कुत्राही त्यांच्याबरोबर जातो. तसेच गुरांना टोचायचे जंताचे इंजेक्शन उरले म्हणून अंदाजाने कुत्र्याला देऊ नये. बैलाचे वजन काय आणि कुत्र्याचे काय! मात्रा चुकली तर झटके येऊन कुत्रा मरतो. माणसांच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्याही त्याला विष ठरतात. घरगुती उपाय करायचाच तर तो झाडू, साबण, ऊन आणि स्वच्छ पाणी यांचा करावा. औषध मात्र पशुवैद्याच्या सांगण्यावरून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे द्यावे.

खरूज ओळखणे सोपे आहे. कानाच्या कडा, कोपरे, पोट इथले केस जातात, खपल्या धरतात, आणि कुत्रा रात्रंदिवस खाजवतो. ही खरूज जवळ झोपणाऱ्या मुलांनाही काही दिवस खाज आणू शकते. ती बरी होते, पण चार-सहा आठवडे चिकाटीने औषध करावे लागते. केस यायला लागले, की औषध सोडायचे, हा आपला नेहमीचा घोटाळा.

दुसरा शत्रू जंत. पिल्लू जन्माला येते तेच पोटात जंत घेऊन. आईच्या पोटात असतानाच ते त्याच्याकडे येतात, आणि पुढे दुधातूनही येतात. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि बरगड्या वर आलेल्या दिसल्या, की लोक म्हणतात, "छान गुटगुटीत आहे." ते गुटगुटीत नव्हे, जंतांनी भरलेले असते. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत जंताचे औषध द्यावे. आईलाही त्याच वेळी द्यावे. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी.

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बकरा कापला, की त्याचे काळीज-फुप्फुस खराब निघाले तर आपण ते कुत्र्यापुढे टाकतो. त्यात कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या गाठी खाल्ल्या, की कुत्र्याच्या आतड्यात अगदी बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात आणि केसांवर येतात. मूल कुत्र्याला कुरवाळते, तसाच हात तोंडात घालते, आणि पुढे काही वर्षांनी त्याच मुलाच्या यकृतात तशीच गाठ सापडते. मग शस्त्रक्रियेवाचून सुटका होणे कठीण. उपाय काय? खराब काळीज-फुप्फुस खोल पुरावे, किंवा अर्धा-पाऊण तास उकळल्याशिवाय कुत्र्याला घालू नये. आणि जेवण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत. खर्च काही नाही.

तिसरी गोष्ट पिल्लांच्या साथींची. दोन-तीन महिन्यांचे हसतेखेळते पिल्लू एकाएकी ओकू लागते, मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू होतात, आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. हा पार्व्हो नावाचा रोग. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. त्याचे विषाणू मातीत वर्षभरही टिकतात. म्हणून एक पिल्लू गेले, की त्याच जागी लगेच दुसरे आणून बांधू नये. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी, आणि नवे पिल्लू लस टोचल्यावरच आणावे. डिस्टेंपर हा दुसरा रोग. डोळ्यांतून, नाकातून घाण येते, ताप येतो, आणि पुढे अंगाला झटके येऊ लागतात. या दोन्ही रोगांवर नेमके मारक औषध नाही. शिरेतून पाणी चढवून, झटके आवरून पिल्लू जगवण्याची धडपड करावी लागते. पण दोन्हींवर लस मात्र उत्तम आहे. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत. एकदा टोचून थांबू नये. आईच्या दुधातून आलेली शक्ती पहिल्या लसीला आडवी येते, म्हणून ती पुन्हा द्यावी लागते.

कोकणातल्या श्रोत्यांनी लेप्टोचीही आठवण ठेवावी. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा हा रोग माणसांसारखाच कुत्र्यांनाही होतो. डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. असा कुत्रा हाताळताना हातमोजे घालावेत. यावरही कुत्र्यांसाठी लस आहे.

आता रोजच्या काही लहानसहान गोष्टी. कुत्र्यांच्या भांडणात झालेली जखम उघडी राहिली, की माशी बसते, आणि दोन दिवसांत किडे पडतात. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, भोवतालचे केस कातरावेत. किडे पडलेच तर फिनेल ओतू नये. ते मासही जाळते आणि अंगात भिनते. दवाखान्यात नेऊन किडे काढून घ्यावेत.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-खानदेशाकडे, पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेला कुत्रा दुपारी उन्हाने दगावतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग निववतो. लाळ गळत, डोळे फिरवत पडला, तर ताबडतोब सावलीत घ्यावा, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीवर असला तर घोट-घोट पाणी द्यावे आणि मग दवाखान्यात न्यावा. झाडाची सावली आणि पाण्याचे मातीचे भांडे ठेवले, तर ही वेळच येत नाही.

खाण्याचे म्हणाल, तर नुसत्या भाकरीवर कुत्र्याची प्रकृती टिकत नाही. भाकरीबरोबर थोडे ताक, वरण, शिजवलेले अंडे किंवा माशाचे काटे काढलेले तुकडे असावेत. कांदा-लसणाचा रस्सा घालू नये. कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेल्या कोंबडीची हाडे सुईसारखी तडकतात आणि आतड्यात रुततात. उंदराचे औषध घातलेली कणीक कुत्र्याने खाल्ली, तर उलटीची वाट न पाहता, औषधाची पुडी बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावे.

कुत्री पाळणाऱ्यांसाठी दोन खुणा. मागच्या अंगातून थेंब-थेंब रक्त बरेच दिवस येत राहिले, तर ती नेहमीची माजाची खूण समजू नये. ती गाठ असू शकते. ती संगातून एकाकडून दुसऱ्याला लागते, नरालाही होते. पण आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ही गाठ बहुधा विरघळते. दुसरी खूण अशी: माज होऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात कुत्री फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे एक दिवसही दवडू नये. पिल्ले नको असतील तर वेळीच नसबंदी करून घ्यावी. पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

श्रोतेहो, सगळ्यांत मोठी गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. ती म्हणजे पिसाळणे, म्हणजेच रेबीज. बाकीची दुखणी कुत्र्याचा जीव घेतात. हे दुखणे माणसाचाही घेते. लक्षणे एकदा दिसू लागली, की जगात कुठेही गेलात तरी माणूस वाचत नाही, असेच म्हणावे लागते. आणि गंमत पाहा, गंमत कसली, दुर्दैवच, की लक्षणे दिसण्यापूर्वी हाच रोग जवळजवळ हमखास टाळता येतो. ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी पहिली लस देववली, आणि तो वाचला. त्याला आता एक शतक उलटून गेले. तरीही आपल्या देशात या रोगाने मुले मरतात, ती लस नाही म्हणून क्वचित. उशीर झाला, कुणी सांगितलेच नाही, किंवा अंगाऱ्या-गंड्यावर भागवले, म्हणूनच जास्त.

पिसाळलेला कुत्रा दर वेळी तोंडाला फेस आणून धावतोच असे नाही. कधी तो उलट गप्प होतो, अंधारात बसतो, जबडा लोंबतो, घोगरे भुंकतो, लाळ गिळता येत नाही. घरधन्याला वाटते, घशात हाड अडकले. तो प्रेमाने तोंडात हात घालतो, आणि तिथेच घात होतो. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. पिल्लू लहान आहे, त्याला काय होणार, असेही समजू नये. पिल्लेही पिसाळतात, आणि त्यांचा ओरखडाही पुरतो.

कुत्रा चावला तर करायचे काय? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. चुना, हळद, मिरची, तंबाखू, तेल यांतले काही भरू नये. मग तडक सरकारी दवाखाना गाठावा. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, ती भीती अजून गावात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सुई दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत, आणि चार-पाच खेपांत काम होते. मात्र ठरलेल्या सगळ्या तारखा पुऱ्या कराव्यात. जखम खोल असेल तर जखमेतच भरायचे वेगळे औषधही लागते. ते डॉक्टरांना विचारावे. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, मारून टाकू नये. पण त्या दहा दिवसांसाठी माणसाची सुई अडवून ठेवू नये.

पण हे झाले चावल्यानंतरचे. खरा बंदोबस्त कुत्र्याला लस टोचण्यात आहे. तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी एक. गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना दर वर्षी लस मिळाली, तर रोगाला पसरायला वाट राहत नाही, असा जगाचा अनुभव आहे. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे २०१४ पासून घरची आणि रस्त्यावरचीही कुत्री वाडीवाडीने गाठून टोचली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे जमले ते आपल्या गावात का जमू नये?

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कोरडी भाकरी त्याच्या घशात टोचू नये, ही त्यांची काळजी. आपण तूप नको, वर्षातून एक लस घेऊन धावलो तरी त्या गोष्टीचे सार्थक होईल.

शिक्षक बंधु-भगिनींनो, इथे तुमचे काम मोठे आहे. मूल चावले गेले, की ते घरी सांगत नाही. "कुत्र्याच्या वाटेला का गेलास?" म्हणून मार बसेल, ही त्याला भीती. जखम वाळते, मूल विसरते, आणि एक ते तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, ते पाण्याला भिऊ लागते. तेव्हा कुणाच्या हातात काही उरत नाही. म्हणून वर्गात एवढे ठासून सांगा: "कुत्रा चावला, ओरखडला, किंवा जखमेवर चाटला, तर आधी मला सांगायचे. कुणी रागावणार नाही." दर वर्षी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच्या आधी पंधरा दिवस मुलांकडून गावाची कुत्री मोजून घ्या. कुत्र्यांच्या जवळ न जाता, घरोघर विचारून. आळीवार वही करा: कुत्री किती, लस टोचलेली किती. ती वही घेऊन सरपंचांकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि गावात लसीचा एक दिवस ठरवून घ्या. मुलांना गणितही येईल आणि गावाला आपली उणीवही कळेल.

दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. आणि उद्या सकाळी भाकरी टाकण्यापूर्वी कुत्र्याच्या अंगावरून एकदा हात फिरवा. कान, बोटे, पट्ट्याखालची कातडी, हिरड्या. त्याला शेवटची लस केव्हा टोचली ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर टोचायची वेळ आली आहे असे समजा.